दोन किल्ल्यांचं कपाट

एक

कपाट उघडलं, आणि आत गुडघा नव्हता.

डबा होता. डब्यात राखाडी फोम होता, फोममध्ये गुडघ्याच्या आकाराची खोबण होती, आणि खोबणीत नुसती हवा होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमलेली माणसं बराच वेळ त्या हवेकडेच बघत राहिली. मग रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी थंड आवाजात विचारलं, “किल्ल्या या महिन्यात कोणाकडे आहेत?”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी आधी सायकलवाल्या काकांकडे पाहिलं आणि मग प्राध्यापकांकडे. दोघंही आपापल्या हातातल्या किल्लीकडे बघत उभे होते.

“करारात स्पष्ट लिहिलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाकीच्यांना न सांगता ज्यानं वस्तू हलवली, त्याची संस्था बाहेर. आणि उद्या सकाळी पैसे देणारी समिती येतेय. त्यांना काय हा डबा दाखवायचा?”

या सगळ्यांची मोट बांधून ठेवणारी समन्वयक मुलगी दाराकडे वळली. ती खोलीबाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं आपल्या आत्याला फोन लावला.

“आत्या, गुडघा चोरीला गेला गं.”

“अगं बाई! कोणाचा?” आत्यानं घाबरून विचारलं.

आता हा गुडघा कोणाचा, हे सांगणं खरोखरच कठीण होतं. गुडघ्याच्या वरून पाय गमावलेल्या माणसासाठी तो बनवलेला. बाजारात असे गुडघे दोन प्रकारचे मिळत: एक लाकडासारखे ताठ, आणि दुसरे घराच्या किमतीचे. हा मात्र स्वस्त होता आणि चालताना आपण होऊन वाकत होता. पाच घरच्या लोकांनी तो मिळून केला होता. सायकलच्या कारखान्यानं स्प्रिंग दिली होती, कॉलेजनं गणित, मोज्यांच्या गिरणीनं पायावर चढवायचं विणकाम, रुग्णालयानं अनुभव आणि वाचनालयानं जागा. एकट्यादुकट्या घराला हे जमणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांना स्प्रिंग कशी वळते ते माहीत नव्हतं, सायकलवाल्यांना माणूस कसा चालतो ते माहीत नव्हतं, आणि प्राध्यापकांना दोन्ही माहीत होतं, पण कागदावर. कागदोपत्री या जाळ्याला लांबलचक नाव होतं. पण त्यात रुसवेफुगवे आणि मानपान इतके चालायचे, की भाचीनं त्याला ‘सोयरीक’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं.

वाचनालयानं जागेबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे त्यांची ग्रंथपाल. लहानपणी तिचा एक पाय गेलेला. या गुडघ्याचा आधीचा अवतार तीच वापरून बघत होती. त्यात एकच खोट होती. पाय सरळ झाला की तो वाजायचा. टक. प्रत्येक पावलाला टक. रस्त्यावर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण ही बाई दिवसभर वावरायची ती वाचनालयाच्या शांत खोलीत. नव्या अवतारानं तो आवाज जाईल अशी सगळ्यांना आशा होती, पण तोही कारखान्यातल्या चाचणीत टक करूनच थांबला होता.

तोच आता नाहीसा झाला होता.

“पोलिसांना सांगू का?” भाचीनं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता. “आत्या, यांच्यातल्याच कोणीतरी नेला असेल तर मला उद्या समितीसमोर त्याचं नाव घ्यावं लागेल. आणि एकदा नाव घेतलं ना, की पुन्हा हे लोक एका टेबलाशी बसायचे नाहीत. गुडघा दुसरा करता येईल गं. हे लोक दुसरे कुठून आणू?”

“डोळे पूस,” आत्या म्हणाली. “येतेय मी.”

दोन

आत्याचा सगळा जन्म पेटंटच्या कचेरीत गेला होता. कोणी नवं झाकण, नवी शाई, नवा पंप शोधल्याचा दावा घेऊन आला, की तो त्याच्याच डोक्यातून निघालाय की शेजाऱ्याच्या, हे बघणं तिचं काम. अर्जदार तिला पाठीमागे शंकेश्वरी म्हणत. तिला हे ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तिनं आधी कपाट पाहिलं. लोखंडी दार, वर एक कुलूप, खाली एक. एकही ओरखडा नाही.

“दोन किल्ल्या का?”

“कोणी एकट्यानं उघडू नये म्हणून. दर महिन्याला दोन वेगळ्या घरांकडे जातात. या महिन्यात मी मुद्दाम काकांना आणि सरांना दिल्या.”

“मुद्दाम?”

भाची जरा ओशाळली. “त्या दोघांमधून विस्तव जात नाही, आत्या. मागच्या बैठकीत सर म्हणाले, आवाज स्प्रिंगचा आहे. काका म्हणाले, आवाज तुमच्या गणिताचा आहे. तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. समोरासमोर बसून मला सांगतात, ‘त्यांना सांगा, खिडकी लावा.’ म्हटलं, हे दोघं मिळून कपाट उघडणं शक्यच नाही.”

“वा! कुलपाला दोन वैरी राखणदार लावलेस,” आत्या म्हणाली. “माझ्या भावाची मुलगी शोभतेस खरी. त्याचेही सगळे बेत असेच कागदावर झकास असायचे.”

डॉक्टरीणबाई डब्याशी उभ्या होत्या. करड्या केसांची, ताठ कण्याची बाई. त्यांनी आत्याला डब्याच्या कोपऱ्यातली एक छोटी खाच दाखवली. “इथला पानाही गेलाय. गुडघा मांडीवरच्या साच्याला आवळायचा पाना. फक्त याच गुडघ्याला बसतो.”

“म्हणजे चोरानं गुडघा आणि पाना दोन्ही नेलं.”

“हो. आणि माझ्यावर संशय यायच्या आधी मीच सांगते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोठ्या कंपनीचा माणूस गेल्या आठवड्यात मला भेटायला आला होता. आपल्या गुडघ्याचे नकाशे विकता का, विचारत होता. मी त्याला दार दाखवलं. खोटं वाटत असेल तर माझ्या परिचारिकेला विचारा, तिनं ते दार त्याच्या पाठीवर आपटलंय.”

आत्याला ही बाई आवडली. पण आवडलेल्या माणसांनी किती खोटे दावे केले होते, तेही तिच्या लक्षात होतं. ती डब्यावर वाकली. पाना कशाला नेला असेल बरं?

“चहा घेणार, आत्या?”

अगदी कानाशी आवाज आला. आत्या दचकून इतकी वळली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मागे हातात ट्रे घेऊन एक हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी होती.

“ही आमची ग्रंथपाल,” भाची कपाळ चोळत म्हणाली. “माझी मैत्रीण.”

“कान गेले बाई माझे,” आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. “तू आल्याची चाहूलच लागली नाही.”

“वाचनालयात काम केलं की अशीच सवय लागते,” ग्रंथपाल म्हणाली, आणि कप ठेवून निघून गेली.

चहा छान होता. पण तो पिताना आत्याला उगाच वाटत राहिलं, की आत्ता, या खोलीत, आपल्या समोरून काहीतरी गेलं, आणि ते आपण जाऊ दिलं.

तीन

सायकलच्या कारखान्यात काकांचं टेबल अगदी कोपऱ्यात होतं. वर चाकं टांगलेली, खाली ग्रीसचे डबे. काका एक चाक फिरवत होते आणि प्रत्येक तारेवर नखानं टिचकी मारून कान लावत होते.

“सैल तार बद्द वाजते,” ते न विचारताच म्हणाले. “बसा. चहा घ्या. किल्ली माझ्या गळ्यातच होती, अंघोळीलासुद्धा काढली नाही. एवढंच मला सांगायचंय.”

“मी अजून काही विचारलंच नाही.”

“मग विचारा.”

आत्यानं स्वतःच किटली उचलली आणि लगेच ‘आई गं’ म्हणून खाली ठेवली. किटलीचा कान तापून लाल व्हायचा बाकी होता. काकांनी ओशाळून एक कळकट फडकं पुढे केलं.

“प्राध्यापकांबद्दल काय मत?” बोटावर फुंकर घालत आत्यानं विचारलं.

“विद्वान माणूस,” काका म्हणाले. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, “म्हणजे, तोंडही बघत नाही मी त्यांचं.”

“तो आवाज नेमका येतो तरी कुठून, ते मला समजावून सांगा बघू. मला यंत्रातलं कळतं, पण हळूहळू.”

काका खुलले. त्यांनी खडू घेतला आणि टेबलाच्या पत्र्यावर एक आडवी रेघ ओढली, एक उभी. “ही वेळ. हा वेग. पाय पुढे येतो, वेग चढतो, चढतो, आणि इथं शेवटच्या आधाराला धडकतो. टक. तर स्प्रिंगनं इथं नाही, इथूनच त्याला अडवायला सुरुवात करायची.” खडूची वळणदार रेघ अलगद खाली उतरली. मग काकांनी आपण काय काढलंय ते पाहिलं, आणि कोपरानं झटकन पुसून टाकलं.

“असं कोणाला जमलं तर बरं होईल,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

आत्या पुसलेल्या रेघेकडे बघत राहिली. आयुष्यभर चाकावर टिचक्या मारणारा माणूस एवढा सुबक आलेख काढायला कुठे शिकला?

चार

आलेख काढणाऱ्यांच्या गावाला ती लगेच गेली. म्हणजे कॉलेजात.

प्राध्यापकांची खोली नको इतकी नीटनेटकी होती. कोटाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, पेन्सिली उंचीनं मांडलेल्या. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पण देण्याआधी खुर्चीच्या प्रत्येक दांडीवर नखानं टिचकी मारली आणि मान तिरकी करून ऐकलं.

“ही नको, डावी दांडी सैल आहे,” ते म्हणाले, आणि दुसरी आणली.

“बद्द वाजली का?” आत्यानं भाबडेपणानं विचारलं.

“अगदी बद्...” प्राध्यापक थांबले. त्यांचे कान लाल झाले. “तुम्ही किल्लीसाठी आलात ना? माझी किल्ली या खणात असते आणि खणाची किल्ली खिशात.”

“काका म्हणतात, तुम्ही विद्वान आहात.”

“म्हणाले?” प्राध्यापकांचा चेहरा असा उजळला, की आत्याला मिनिटभर काही विचारवेना. मग त्यांनी तो चेहरा गोळा करून पुन्हा कोटाच्या गुंडीत घातला. “तो माणूस अत्यंत हट्टी आहे. त्याच्या मालकानं स्प्रिंगचा पीळ कसा द्यायचा ते बाहेर सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगत नाही. माझ्या कॉलेजनं छापून येईपर्यंत गणित दाखवू नको म्हटलंय, म्हणून मी दाखवत नाही. मग आवाज जाणार कसा?”

“खरंय. कसा जाणार?”

प्राध्यापकांनी एक पेन्सिल उचलून परत त्याच जागी ठेवली.

परतीच्या वाटेवर मोज्यांची गिरणी लागली. मोजेवाल्या ताई यंत्रांच्या गोंगाटात ओरडून बोलायच्या, आणि गोंगाट नसला तरी ओरडूनच बोलायच्या. “मला कपाटातलं काही ठाऊक नाही हो!” त्या म्हणाल्या. “मला विणीतलं विचारा!”

“बरं, विणीतलं सांगा. सोयरिकीतल्या कोणी हल्ली काही मागून नेलं का?”

“नेलं की! काकांनी! टाचेच्या विणीचा तुकडा! ती वीण दुहेरी असते ना, आपटली तरी आवाज करत नाही, दबते आणि परत फुगते! हा एवढासा गोल करून द्या म्हणाले, किटलीच्या कानाला टोपडं घालायचंय, हात भाजतो! मी म्हटलं, आता तरी लग्न करा!” आणि ताई पोटभर हसल्या.

आत्यानं आपल्या भाजलेल्या बोटाकडे पाहिलं. किटलीच्या कानाला टोपडं नव्हतं.

पाच

संध्याकाळी भाचीनं जेवणाला हात लावला नाही. ती खिडकीशी उभी होती.

“तुझ्या तोंडावरून दिसतंय, तुला कळलंय,” ती म्हणाली. “काका आणि सर, दोघं मिळून, होय ना? दोघांच्या किल्ल्या असल्याशिवाय दारच उघडत नाही. मी मूर्ख. मी त्यांच्या भांडणावर भरवसा ठेवला.”

“कळलंय ते अर्धं. आधी जेव.”

“त्यांनी तो विकला असेल?”

“चिमणे, विकायचा असता तर पाना कशाला नेला असता? विकत घेणारा आपला पाना करून घेईल. ज्याला गुडघा कोणाच्या तरी पायाला बसवायचाय, त्यालाच पाना लागतो.”

भाची वळली. “पण तो बसतो फक्त...” ती थांबली आणि मान हलवली. “नाही. शक्य नाही. तिनं मला सांगितलं असतं. रोज दुपारी माझ्या टेबलाशी चहा घेऊन येते ती. मला बघायलाही लागत नाही. लांबूनच ऐकू येतं, आणि मी आधीच कागद बाजूला करते.”

“या आठवड्यात कागद बाजूला केलेस?”

“एकदाही नाही,” भाची म्हणाली आणि टेबलाशी येऊन बसली. आत्यानं तिच्यासमोर ताट सरकवलं.

“माझे कान शाबूत आहेत तर,” आत्या समाधानानं म्हणाली. “उद्या समिती यायच्या आधी सगळ्यांना वाचनालयात बोलव. आणि तिला यातलं काही बोलू नकोस.”

सहा

सकाळच्या उन्हात वाचनाची खोली लख्ख दिसत होती. लाकडी जमीन, उंच कपाटं. ज्या खोलीत पान उलटल्याचं ऐकू येतं, तिथं आत्यानं सगळ्यांना एका लांब टेबलाशी बसवलं आणि प्रत्येकापुढे एक पुस्तक ठेवलं.

“वाचा,” ती म्हणाली.

“काय वाचा?” डॉक्टरीणबाई भडकल्या. “समिती दारात येतेय आणि आम्ही वाचत बसू?”

“माझ्यावर उपकार म्हणून.”

मोजेवाल्या ताईसुद्धा गप्प बसल्या, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजावं. आत्यानं ग्रंथपालला सांगितलं, पार टोकाच्या कपाटातला तो जाडा नकाशांचा ग्रंथ आणून दे. ग्रंथपालनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती गेली. खोलीच्या त्या टोकापर्यंत गेली, ग्रंथ काढला, आणि सगळी लाकडी जमीन तुडवत परत आली. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. ताईंनी जांभई दिली. काका आणि प्राध्यापक दोघंही पुस्तकं उलटी धरून बसले होते. भाचीनं तेवढं मान वर करून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ग्रंथ टेबलावर ठेवला गेला.

“आता सांगा, आत्ता या खोलीतून काय चालत गेलं?” आत्यानं विचारलं.

“ग्रंथपाल,” ताई म्हणाल्या. “आणखी काय?”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पुस्तक हळूच मिटलं. त्या उठून उभ्या राहिल्या, खाली बघितलं, आणि त्यांच्या ताठ कण्याला जन्मात पहिल्यांदा बाक आला असावा. “हिचा पाय वाजला नाही,” त्या म्हणाल्या.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” आत्या म्हणाली. “आपण सगळे चोरीला गेलेला गुडघा शोधत होतो, आणि तो आपल्याला चहा आणून देत होता. न झालेला आवाज कोणाच्या लक्षात येतो? काल काकांनी मला आलेख काढून दाखवला. प्राध्यापकांनी खुर्चीला टिचक्या मारल्या. एकाची सवय दुसऱ्याच्या हातात अशी लांबून उडून जात नाही. त्यासाठी बरेच दिवस शेजारी बसावं लागतं. हे दोघं तुमच्यासमोर भांडत होते आणि तुमच्यामागे काम करत होते. ताई, तुमच्या टाचेच्या विणीचं टोपडं किटलीला नाही, गुडघ्याच्या आधाराला चढलंय.”

“अगंबाई!” ताई ओरडल्या, आणि वाचनालयात ओरडल्याबद्दल लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

ग्रंथपाल खुर्चीवर बसली. “यांना काही बोलू नका,” ती म्हणाली. “मीच दोघांना इथं बोलावलं होतं. एकाला त्या टोकाला बसवलं, एकाला या. दोघांना सांगितलं नव्हतं की दुसराही येणार आहे. आणि मग मी नुसती चालले, रोज चालते तशी. टक, टक. वाचणारे एकेक मान वर करत होते. वाईट वाटून लगेच खाली घालत होते. तेच जास्त लागतं मनाला. यांनी दोघांनी ते पाहिलं. मी परत येईपर्यंत काका उठून सरांच्या टेबलाशी गेले होते.”

“मी काहीच बोललो नाही,” काका पुटपुटले. “मी फक्त म्हटलं, पीळ कसा देतात ते दाखवतो, मालक गेला खड्ड्यात.”

“आणि मी वही उघडली,” प्राध्यापक म्हणाले.

“आणि मला तळघरात गाद्या टाकून चालवलं,” ग्रंथपाल म्हणाली. “एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोघं मिळून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत. समिती आली की मी स्वतःच चालून दाखवणार होते. आधी सांगितलं असतं तर सगळे कान लावून बसले असते, आणि कान लावून बसलेल्याला भिंतीचाही आवाज येतो. म्हटलं, कोणाच्याच लक्षात आलं नाही, तरच तो खरा गेला. पण ही,” तिनं भाचीकडे पाहिलं, “डबा पुसून ठेवायचा म्हणून एक दिवस आधीच कपाट उघडून बसली.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?” भाचीचा आवाज फुटला. “रात्रभर झोपले नाही मी!”

काका खाली बघत म्हणाले, “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याची संस्था बाहेर. मी गेलो असतो बाहेर, माझं काय. पण हे गेले असते.”

प्राध्यापक चकित होऊन त्यांच्याकडे वळले. “अहो, मीही तुमच्याचसाठी गप्प बसलो!”

मग सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर आपटलं.

“मी डॉक्टर आहे, आणि मी प्रचंड रागावलेय,” त्या म्हणाल्या. “न तपासलेली वस्तू तुम्ही माणसाच्या पायाला लावलीत. ती पडली असती, हाड मोडलं असतं, तर या गाद्या मी तुमच्याच डोक्यावर मारल्या असत्या. हे मी समितीसमोरही म्हणणार आहे.” मग त्या ग्रंथपालपाशी गेल्या, गुडघे टेकून खाली बसल्या आणि तिच्या पायावर हात ठेवला. “आता पुन्हा एकदा चाल बघू. मला नीट ऐकू दे. म्हणजे, नको ऐकू येऊ दे.”

सात

समितीसमोर भाचीनं काहीही लपवलं नाही. किल्ल्या, पाना, टोपडं, गाद्या, सगळं सांगितलं, आणि जबाबदारी माझी, असं म्हणून ती खाली बसली. समितीच्या अध्यक्षा चांगल्या खडूस म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी सगळ्यांची यथास्थित खरडपट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण तपासणी केल्याशिवाय हा गुडघा दुसऱ्या कोणाच्या पायाला लागणार नाही, असं बजावलं. ग्रंथपालच्या पायालाही तोपर्यंत जुनाच अवतार, असं त्या म्हणाल्या, आणि ग्रंथपालनं मान्य केलं, पण तिचा चेहरा पडला.

“आणि कोणाला बाहेर काढायचं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. प्रश्न त्यांचाच होता, तरी विचारताना त्यांचा आवाज चाचरला.

अध्यक्षांनी पाचही घरच्या माणसांकडे पाहिलं. “मी अशी जाळी खूप पाहिली,” त्या म्हणाल्या. “करार उत्तम, बैठका वेळेवर, आणि प्रत्येकजण आपलं गाठोडं पोटाशी धरून बसलेला. तुमची माणसं चोरून का होईना, एकमेकांजवळ बसतात. बाहेर काढू नका कोणाला. करार बदला. चोरून बसावं लागणार नाही असा करा.”

भाची तिथंच रडली. कोणी हसलं नाही.

नव्या करारात एक कलम आलं: आठवड्यातून एक दिवस प्रत्येकानं दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करायचं, आणि तिथं जे दिसेल ते सोयरिकीचं. कारखान्याच्या मालकानं कुरकुर केली आणि सही केली. कॉलेजनं सही केली आणि कुरकुर केली. राहता राहिला पेटंटचा अर्ज, आणि तो भरायला अर्थातच आत्या बसली. शोध लावणाऱ्याचं नाव, या रकान्याशी येऊन गाडं अडलं.

“सरांचं लिहा,” काका म्हणाले. “गणित नसतं तर मी अजून पीळच देत बसलो असतो.”

“छे, छे! काकांचं लिहा. माझं गणित आधी चुकीचं होतं, यांनी टिचकी मारून दाखवलं.”

“ऐका हो, माझं नको म्हणतोय ना मी!”

“मी तुमच्या आधीपासून नको म्हणतोय!”

आत्यानं पेन खाली ठेवलं. नाव घालण्यासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठलेला तिनं पाहिला होता, नवऱ्यानं बायकोचं नाव खोडलेलं पाहिलं होतं. नाव काढण्यासाठी दोन माणसं अशी हातघाईवर आलेली ती पहिल्यांदाच बघत होती. तिचा चष्मा धुरकट झाला, आणि तो पुसायच्या निमित्तानं तिनं बराच वेळ घेतला. मग तिनं रकान्यात सगळ्यांची नावं लिहिली. टोपड्यासाठी ताईंचं, रागासाठी डॉक्टरीणबाईंचं, आणि सगळ्यात वर ग्रंथपालचं, चालून दाखवल्याबद्दल.

तपासणीला बराच काळ लागला. तोवर वाचनालयात पुन्हा टक टक ऐकू येत होतं, आणि काका-प्राध्यापक रोज रुग्णालयात जाऊन डॉक्टरीणबाईंचं डोकं खात होते. अखेर एका दुपारी भाची आपल्या टेबलाशी पुढच्या कामाचे कागद पसरून बसली होती. हात की कोपर, यावरून सोयरिकीत नवं भांडण लागलं होतं, आणि ती त्यात अगदी गुंग होती. तेवढ्यात तिच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. ती ओरडून उडाली, चहा कागदांवर सांडला, आणि मागे ग्रंथपाल रिकामा कप धरून हसत, रडत उभी होती.

“अगं, निदान घसा तरी खाकर ना!” भाची तिला मिठी मारत म्हणाली.

तेव्हापासून ग्रंथपाल तिच्या दाराशी आली की मोठ्यानं घसा खाकरते. वाचनाच्या खोलीतले वाचक मान वर करून तिच्याकडे रागानं बघतात. तिला त्याचं काहीच वाटत नाही.